सिंह आणि कोकरू

बेल्जममधल्या अँटवर्प शहरात ‘शुक्रवारचा बाजार’ नावाचा एक चौक आहे. ख्रिस्तोफ प्लांतँ हा मुद्रक १५७६ साली तिथे राहायला आला. पुढे तीनशे वर्षे त्याच्या वारसांनी त्याच घरात छापखाना चालवला, आणि १८७७ पासून त्याचे संग्रहालय झाले. जगातली सर्वांत जुनी समजली जाणारी दोन छापयंत्रे तिथे आहेत. पाहणाऱ्यांची गर्दी त्यांच्याभोवतीच. आपण मात्र तिथल्या बायबलापाशी थांबू या.

आठ जाडजूड ग्रंथ, आणि भाषा पाच : हिब्रू, ग्रीक, लॅटिन, अरामी नि सिरियाक. स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाच्या आश्रयाने १५६८ ते १५७३ या काळात ते छापले गेले. आश्रय म्हणायचा खरा. पण पैसा बेताचाच, नि प्लांतँ कर्जात बुडाला. तरी हे काम त्याला हवेच होते. १५६२ साली त्याच्या छापखान्यात एक पाखंडी पुस्तिका सापडली होती आणि सगळी चीजवस्तू लिलावात गेली होती. राजाचे बायबल छापणाऱ्याकडे बोट कोण दाखवील?

पहिल्या ग्रंथाचे मुखपृष्ठ पाहा. भव्य कमान, तिच्याखाली सिंह, बैल, लांडगा आणि कोकरू, चौघेही शांत. यशया संदेष्ट्याची ही कल्पना. बाहेर धर्मापायी माणसे मारली जात होती, नि आत हे छापले जात होते!

लाकडी ठशावरचे चित्र उठावाचे असते, ते खिळ्यांबरोबर एकाच दाबात उमटते. हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले. शाई खोबणीत भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांमधून काढायचा. यंत्र वेगळे, कारागीर वेगळा, खर्चही जास्त. पण रेघ कशी केसासारखी येते!

या बायबलाची एक प्रत आपल्याकडेही आली. गोव्याहून निघालेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८० साली फत्तेपूर सिक्रीला ती अकबरापुढे ठेवली. बादशहाने पगडी उतरवून एकेक ग्रंथ मस्तकी धरला, असे त्यांच्यातल्या मोन्सेरात पाद्र्याने लिहून ठेवले आहे. दरबारी चितारी त्यातली अक्षरे थोडीच वाचणार? पण चित्रांना दुभाषा लागत नाही. पाद्र्यांबरोबर आलेली युरोपातली छापील चित्रे ते गिरवू लागले. अबुल हसन या अवघ्या तेरा वर्षांच्या मुलाने १६०० च्या सुमारास ड्यूररच्या चित्रातला संत योहान उतरवला. ते रेखाटन आज ऑक्सफर्डला आहे.

याच अबुल हसनने १६१८ च्या सुमारास जहांगीर आणि इराणचा शाह अब्बास यांच्या आलिंगनाचे चित्र काढले. जहांगीर सिंहावर उभा, शाह कोकरावर. मोगल चित्रांतली सिंह-कोकराची ही जोडी अँटवर्पच्या त्या पानावरून आली, असे कलेतिहासकार एबा कोख यांचे प्रतिपादन आहे. पण खालचा पृथ्वीगोल जरा निरखून पाहा. सिंह ऐसपैस पसरला आहे, नि कोकरू बिचारे रेटले जाऊन पार भूमध्य समुद्राकडे सरकले आहे.