जुन्या संगणकात दुसरी हार्ड डिस्क



घरचा जुना संगणक नीट चालतोय,
पण जागा संपली?
तो मोडीत काढू नका.
त्यात दुसरी हार्ड डिस्क बसवता येते.

आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवा.
मग संगणक बंद करा.
प्लगही काढा.
झाकण उघडून कॅबिनेटच्या धातूला हात लावा.
अंगातली स्थिर वीज निघून जाते.

आता आतली केबल बघा.
रुंद पट्टीसारखी असेल, तर ती जुनी आयडीई.
अरुंद असेल, तर साटा.
डिस्क त्याच प्रकारची घ्या.

आयडीई डिस्कच्या मागे, पिनांवर,
प्लास्टिकचं इवलंसं टोपण असतं.
तो जम्पर.
एका केबलवर दोन डिस्क असतील,
तर एक मास्टर, दुसरी स्लेव्ह.
जम्पर चुकला, की डिस्क दिसत नाही.
ती खराब आहे असं लगेच समजू नका.
साटाला ही कटकट नाही.

डिस्क जोडून झाली, की संगणक सुरू करा.
विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट उघडा.
कोरी डिस्क 'अनअलोकेटेड' अशी दिसेल.
तिथे हवे तेवढे भाग पाडा आणि फॉरमॅट करा.

पण थांबा.
फॉरमॅट करण्याआधी डिस्क ओळखा.
तिचा आकार वाचा.
पुन्हा सांगते,
आधी डिस्क ओळखा, मगच फॉरमॅट.
चुकीच्या डिस्कवर बटण दाबलं,
तर घरातले सगळे फोटो जाऊ शकतात.

डिस्क 2 टीबीपेक्षा मोठी असेल,
तर भाग पाडण्याआधी, विभागणीची पद्धत म्हणून
एमबीआर नको, जीपीटी निवडा.
आणि प्रत्येक भागाला नाव द्या:
एक 'फोटो', एक 'कागदपत्रं'.