माळ एक, घरं तीन
(मंडळाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या रामाकोन्याच्या घरी महालक्ष्म्या बसतात. त्यांच्या गळ्यात आजीच्या वेळची पुतळ्यांची माळ असते. आम्ही तीन भाऊ; एक नागपूरला, एक छिंदवाड्याला. आई एकदा म्हणाली, "माळ एक अन् घरं तीन. कशी पुरन रे?" तेव्हापासून आम्ही साच्याच्या मागे लागलो.

आधी चूक सांगतो. आम्ही डिप्लोमावाले. फर्म्याला तेल लावल्याशिवाय काँक्रीट सुटत नाही, हे नोकरीत रोज पाहतो. तरी घाईघाईत पुतळी कडीसकट ओल्या पीओपीत दाबली. अर्ध्या तासात ते दगड झालं. कडी आत अडकली आणि ओढताना तुटली. आई रागावली नाही. तुटकी कडी पदराच्या टोकाला बांधून आत गेली. सोनाराने ती जोडून दिली, पण तो दिवस काही आम्ही विसरलो नाही.

दुसऱ्यांदा पॉलिमर क्ले आणली. तिचाच साचा आणि तिच्याच पुतळ्या. क्ले मळून अर्धा इंच जाडीची वडी केली. कडी बाहेर ठेवून पुतळीला टाल्कम पावडर लावली, सरळ दाबली, सरळ उचलली. साचा छोट्या ओव्हनमध्ये भाजला. ही क्ले साधारण ११० ते १३० अंशांवर भाजतात. नेमका आकडा पाकिटावर असतो. जास्त तापली तर करपते आणि धूर घशाला लागतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. त्या ताटलीत पुन्हा खाण्याचा पदार्थ ठेवू नये. साचा थंड झाल्यावर आत पावडर भुरभुरून क्लेची गोळी दाबायची, अलगद काढायची, कच्ची असतानाच दोऱ्यासाठी छिद्र पाडायचं आणि मग भाजायचं.

खोल नक्षीला हा कडक साचा चालत नाही. तिथे खिडकीच्या काचेला लावतात ते सिलिकॉन कॉर्नफ्लोअरमध्ये मळून घ्यावं. तो साचा रबरासारखा वाकतो, वस्तू अडकत नाही.

एक गोष्ट मात्र पाळा. पॉलिमर क्ले म्हणजे प्लास्टिकच. पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही नैसर्गिक मातीच्याच मूर्ती सांगतात. म्हणून गणपती मातीचा बसवा आणि क्लेचे दागिने विसर्जनाआधी उतरवून घरी ठेवा. कन्हानच्या पाण्यात ते जायला नकोत.

यंदा तिन्ही घरी पुतळ्यांची माळ आहे. खरी आईकडेच. नव्या माळा तिच्यापुढे ठेवल्या, तेव्हा तिने प्रत्येक पुतळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "सासूबाईच्या माळीसारखीच उमटली."

तुमच्याकडे जुना बिल्ला, पितळी शिक्का, आजीचं पदक असेल, तर या सुटीत मुलांना घेऊन बसा. वस्तू घरात आहे तोवर तिचा ठसा घेऊन ठेवा. कडी मात्र बाहेर ठेवा!

गणपती बाप्पा मोरया!