प्रसूतिशास्त्राची परीक्षा

जबलपुरातील अधारताल हे तळे राणी दुर्गावतीचे मंत्री अधारसिंह यांच्या नावाने ओळखले जाते. या वस्तीतून नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात प्रसूतिशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थिनीपुढे तीन वर्षांअखेर चार लेखी प्रश्नपत्रिका असतात. शिवाय प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. प्रसूतिकक्षातील पाळ्या सांभाळून मोठाले ग्रंथ अथपासून इतिपर्यंत वाचणे तिला कसे साधावे?

जी रुग्ण स्त्री कक्षात पाहिली, तिच्या व्याधीचे प्रकरण त्याच दिवशी वाचावे. मग पुस्तक मिटून ते कोऱ्या कागदावर लिहावे; आठवले नाही तेवढेच पुन्हा पाहावे आणि काही दिवसांनी तेच नव्याने लिहावे. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचेच पाहा. गर्भाशयाचे शैथिल्य, प्रसूतिमार्गाला इजा, आत राहिलेला वारेचा अंश, रक्त न गोठणे ही चार कारणे घोकता येतात. पण त्यांचा शोध चालू असतानाच मदत बोलावणे, गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिन देणे हा क्रमही उत्तरात उतरला पाहिजे.

जुनी टिपणे तपासून घ्यावीत. प्रसूतीची सक्रिय अवस्था पूर्वी गर्भाशयमुख ४ सेंटिमीटर उघडल्यापासून मोजत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत ती ५ सेंटिमीटरपासून धरली आहे. हा फरक केवळ गुणांपुरता नाही. घाईचे उपचार त्याने टळू शकतात.

परीक्षेत चुकलेले उत्तर पुढच्या खेपेस सुधारता येते. रक्तस्रावाने खचत चाललेल्या मातेजवळ तेवढा अवकाश नसतो. अभ्यास त्या घटकेसाठी करावयाचा असतो.