रिक्त हस्ते पाठवू नये



हर्नडन येथील माझ्या कचेरीत मार्चपासून ‘पुनर्रचना’ चालू आहे. विभागाचे नाव तीनदा बदलले, काम तेच राहिले. कमी करावयाच्या माणसांची यादी तयार आहे म्हणतात. ती कोणी दाखवीत नाही. नोकरी जाण्यापेक्षा ही टांगणीच माणसाला अधिक खचविते.

अमेरिकेच्या 1988 च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना सामूहिक कपातीपूर्वी 60 दिवसांची सूचना द्यावी लागते. तोरा याहून पुढे जाते. ‘रएह’ पराशात, अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात, सहा वर्षे राबलेल्या दासास मुक्त करताना कळप, खळे व द्राक्षकुंड यांतून उदारपणे देण्याची आज्ञा आहे. इस्राएलचा 1963 चा सेवासमाप्ती-वेतनाचा कायदा याच विचाराशी नाते सांगतो.

आपले पूर्वज कोकणात घाणे चालवीत. तेली पुष्कळ होते; आपले ‘शनिवार तेली’ वेगळे ओळखले गेले ते घाणा थांबविण्याच्या दिवसावरून. माझे पद गेले तरी ती ओळख जात नाही, हे मी मुलांना सांगितले आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या हाती अशा याद्या असतील, त्यांना एवढीच विनंती: निर्णय झाला असेल तर तो वेळेवर सांगा, आणि कोणास रिक्त हस्ते पाठवू नका.