धूळ उडण्यापूर्वीच



आपल्या अनेकांच्या वाडवडिलांनी इतरांची घरे बांधली. येथे ब्रिटनमध्येही आपले काही बांधव बांधकामावर राबतात. म्हणून वाळू-सिमेंट कालवताना उडणाऱ्या धुळीविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

वाळूत सिलिका असते. कोरडा माल हलविला की तिचे डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात व तेथे व्रण करतात. हाच सिलिकोसिस. बहुधा दहा-वीस वर्षांनी धाप लागू लागते. तेव्हा तो बरा करणारे औषध आम्हा डॉक्टरांपाशी नसते. क्षयाचा आणि फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

प्रतिबंध मात्र साधा आहे. आधी पाणी घ्यावे, मग पिशवीचे तोंड खाली नेऊन माल हळूच सोडावा. रिकामी पिशवी झटकू नये. सांडलेला माल कोरडा झाडू नये. ओला करून उचलावा. बंद जागेत धूळ ओढणारे यंत्र हवेच. एफएफपी-३ मुखपट्टी हे शेवटचे कवच; दाढीवर ती घट्ट बसत नाही.

येथील नियमानुसार आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅमहून अधिक अशी धूळ असता कामा नये. ही जबाबदारी मालकाची आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात भारताचे मजूरमंत्री होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग कामावर पाणी, यंत्र आणि मुखपट्टी मागताना आपण संकोच का करावा? आज घरी गेल्यावर आपल्या माणसाला एवढे अवश्य विचारा.

जय भीम!