खव्याच्या भट्टीवरची सहल

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'आमची सहल'. तिकडे पंगतीची तयारी चाललीय हे मला इथूनच दिसतंय. म्हणून लोणार, सिंदखेडराजा, शेगाव या पंचवीस वर्षांतल्या सहलींचा पाढा वाचत नाही. गेल्या पौषात आपण पूर्णाकाठच्या एका गावात खव्याची भट्टी पाहायला गेलो होतो, तेवढंच सांगते.

कल्पना आमच्या सूनबाईची. युरोपात लोक सुट्टीच्या दिवशी खेड्यात, चीज करणाऱ्यांच्या घरी जातात, असं तिने टीव्हीवर पाहिलं. म्हणाली, "आई, आपल्याकडे असं काही नाही का?" म्हटलं, चीज नाही, पण खवा आहे की!

सकाळी सहाला मिनीबस निघाली. राजूर घाट उतरून मोताळा, मग नांदुरा. तिथल्या १०५ फुटी हनुमानाला बसमधूनच हात जोडले आणि नऊच्या सुमारास गावात पोचलो. गोठ्यात म्हशी पाहून आपली मुलं विचारायला लागली, "या गाई आहेत का?" कारण त्या काळ्या नव्हत्या, भुरकट होत्या. ही आपल्याच पूर्णा खोऱ्यातली पूर्णाथडी म्हैस.

मागच्या पडवीत भट्टी. मोठी लोखंडी कढई, खाली बाभळीचं सरपण, आणि हातात लांब सराटा घेतलेल्या आजी. साधारण पाच लिटर म्हशीच्या दुधाचा एक किलो खवा पडतो. गाईचं दूध त्याहून जास्त लागतं. पेढ्या-बर्फीला घट्ट पिंडी, गुलाबजामला मऊ धाप, कलाकंदाला दाणेदार असे तीन प्रकार. हात क्षणभर थांबला की दूध तळाला लागतं आणि सगळी कढई करपट होते.

मी आपली सवयीप्रमाणे भाव विचारला. चारशे रुपये किलो. लगेच म्हणाले, "आजी, एवढ्या जणी घेतोय, थोडं कमी करा ना." आजी रागावल्या नाहीत. सराटा माझ्या हातात दिला, "घे बाई, तू हालव. मंग तूच भाव सांग." सात-आठ मिनिटांत माझा खांदा भरून आला, डोळ्यांतून धुराचं पाणी. सगळ्या बाया हसत होत्या. मी मात्र मनात हिशोब मांडत होते. दूध साठ रुपये लिटर धरलं तरी तीनशे तिथेच गेले. सरपण, ढेप, मोटारभाडं अजून वेगळं. चारशेत राहिलं काय?

परत येताना सूनबाई म्हणाली, पार्मेसान चीजच्या एका चाकाला साडेपाचशे लिटरच्या आसपास दूध लागतं आणि ते निदान बारा महिने मुरवतात. मुरेल तसा भाव चढतो. आपला खवा दोन-तीन दिवसांत विकावाच लागतो. भाव पडला म्हणून थांबता येत नाही. घेणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं.

आजींचं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. "औंदा ढोरं इकायची म्हणते पोरगा." कारण विचारलं. पूर्वी घरची ज्वारी होती, कडबा घरचा होता. आता शेतात सोयाबीन आणि कपाशी. कुटारावर म्हैस किती दिवस दूध देणार? खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी खारं, त्यावर हिरवा चारा होत नाही. कडबा विकत आणला की दुधात उरत नाही.

आणि आपण? दर दिवाळीला भेसळीची बातमी वाचतो, खव्यावर आयोडीनचा थेंब टाकून निळा होतो का ते पाहतो. निळा झाला तर त्यात पीठ आहे, हे आपल्याला कळतं. पण खरा खवा करणारी बाई भट्टी बंद करतेय, हे कोणत्या थेंबाने कळणार?

म्हणून महिला मंडळाचा एक ठराव आहे. आपल्या ४८ घरांचा दिवाळीचा खवा एकत्र मागवायचा. मागणी दसऱ्याला पक्की, निम्मे पैसे आगाऊ, आणि घासाघीस नाही. यात उपकार काही नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एकेकट्याला घर बांधणं झेपत नव्हतं, म्हणून आपण सोसायटी केली. ही तीच गोष्ट आहे.

आजींना फोन केला होता. "पोराले इचारून सांगते," म्हणाल्या. अजून उत्तर आलेलं नाही. आपल्या पन्नास किलोंनी चार म्हशी वाचतील, असं मी म्हणणार नाही. पण पोराशी बोलताना त्यांच्या हातात एक आकडा तरी असावा. वही माझ्याकडे आहे. जेवायला बसण्याआधी नाव आणि किलो लिहून द्या.