खरी टक्कर आणि खेळातली टक्कर

ताशी ६४ किलोमीटर वेगाने जाणारी १२०० किलो वजनाची मोटार अडथळ्यावर आदळते, तेव्हा तिच्यात सुमारे १९० किलोज्यूल ऊर्जा असते. तीच मोटार सोळा मीटरवरून, म्हणजे पाचव्या मजल्याच्या उंचीवरून खाली सोडली तर जमिनीवर पोहोचताना तिचा वेग एवढाच भरेल. ही सगळी ऊर्जा एका सेकंदाच्या आठव्या भागात कुठेतरी जिरवावी लागते. पत्रा चुरगळण्यात ती खर्ची पडली तर आतला माणूस वाचतो. नाही पडली तर ती त्याच्या छातीपर्यंत आणि डोक्यापर्यंत येते. खऱ्या अपघातातली मोडतोड आणि मोटारींच्या व्हिडिओ गेममधली मोडतोड यांची तुलना या हिशेबापासून सुरू करावी लागते. पडद्यावरची गाडी खऱ्यासारखी चेपलेली दिसते की नाही, हा त्यानंतरचा प्रश्न आहे.

गॅरेजांत आणि घरांतही एक तक्रार नेहमी ऐकू येते: पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा दणकट होता, आताच्या गाड्या पहिल्या धक्क्यात चेपतात. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चेपणारा ठेवायचा आणि मधली, माणसे बसण्याची जागा मात्र कडक ठेवायची, ही कल्पना मर्सिडीज-बेंझचे अभियंता बेला बारेनी यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला मांडली आणि १९५९ मध्ये ती विक्रीच्या मोटारीत आली. तिच्यामागचे गणित सोपे आहे. ताशी ६४ किलोमीटरचा वेग ६० सेंटिमीटर अंतरात शून्यावर आला तर सरासरी मंदन गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २७ पट होते. दणकट नाक फक्त २० सेंटिमीटर चेपले तर तेच मंदन ८० पटींवर जाते. गाडी वाचते आणि माणूस जातो. त्या ६० सेंटिमीटरच्या प्रवासात सीटबेल्ट ताणला जातो आणि एअरबॅग ३० ते ४० मिलिसेकंदांत फुगते. पापणी लवायच्या आत हे सारे उरकलेले असते.

म्हणूनच चाचणीत गाडी किती मोडली यापेक्षा कुठे मोडली हे पाहतात. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या मोटारींची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान मोटारींचे निकाल जाहीर केले. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही मोटारींना शून्य तारे मिळाले. २२ ऑगस्ट २०२३ रोजी ‘भारत एनकॅप’ या देशी चाचणी कार्यक्रमाची घोषणा झाली आणि १ ऑक्टोबरपासून तो कार्यक्रम लागू झाला. त्यात समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने, गाडीच्या रुंदीच्या ४० टक्के भागावर धडक देतात; बाजूची धडक ५० ची आणि खांबावरची २९ ची असते. आत मोजमापाची उपकरणे भरलेले पुतळे बसवतात. मान किती वाकली, छाती किती दबली, मांडीच्या हाडावर किती भार आला, याचे आकडे त्यांतून मिळतात. पुण्याची एआरएआय, मानेसरचे आयकॅट आणि चेन्नईजवळच्या ओरगडमचे केंद्र या देशातल्या प्रमुख चाचणी संस्था. मध्य प्रदेशाच्या वाट्याला पिथमपूरचे नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र आले आहे. २०२१ मध्ये उद्घाटन झालेली तिथली ११.३ किलोमीटरची लंबवर्तुळाकार धावपट्टी आदळण्यापूर्वीच्या क्षणांची, म्हणजे वेग, ब्रेक आणि तोल यांची परीक्षा घेते.

एक गाडी आदळली की ती गेली. त्यामुळे कारखान्यांत आधी संगणकावर शेकडो धडका घेतात. १९८०च्या दशकाच्या मध्यात फोक्सवॅगन पोलोची काँक्रीटच्या भिंतीवरची धडक संगणकावर सोडवली गेली, तेव्हा गाडीचे सुमारे साडेपाच हजार तुकडे कल्पिले होते. आज तुकड्यांची संख्या लाखांत मोजतात आणि काळाची पायरी साधारण एक मायक्रोसेकंदाची असते. उत्तर यायला कित्येक तास लागले तरी चालते.

खेळाला तेवढी सवड नाही. खेळणाऱ्याने स्टिअरिंग फिरवले की उत्तर त्याच क्षणी हवे. १९८२ च्या ‘पोल पोझिशन’मध्ये गाडी फलकावर आदळली की स्फोट व्हायचा आणि नवी गाडी हजर व्हायची. १९९५ च्या ‘डिस्ट्रक्शन डर्बी’ने मोडतोडीलाच खेळ बनवले. १९९७ साली आलेल्या ‘ग्रॅन टुरिस्मो’मध्ये मात्र गाड्यांवर ओरखडाही उमटत नसे. खऱ्या कंपन्यांच्या गाड्या खेळात घ्यायच्या तर आपल्या गाडीचा चेंदामेंदा दाखवायला त्या कंपन्या सहसा राजी नसतात, ही या क्षेत्रातली जुनी अडचण आहे. बऱ्याच खेळांनी मधला मार्ग काढला: आधीच तयार केलेले पोचे आणि फुटके दिवे धडकेनंतर जागेवर बसवायचे. त्यात ऊर्जेचा हिशेब नसतो.

खरी झेप २००५ च्या ‘रिग्स ऑफ रॉड्स’ या खेळात दिसली. त्या खेळावर काम केलेल्या काही जणांनी पुढे जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात ‘बीमएनजी ड्राइव्ह’ उभा केला. त्याची पहिली आवृत्ती २०१३ मध्ये आली. यात गाडी म्हणजे वजन असलेल्या शेकडो गाठी आणि त्यांना जोडणारे हजारो दांडे. प्रत्येक दांड्याला ताठरपणा दिलेला असतो, वाकून न परतण्याची मर्यादा असते आणि तुटण्याचीही असते. सेकंदाला २००० वेळा या सगळ्यांवरचे बल मोजले जाते. पोचा आधी काढून ठेवलेला नसतो, तो त्या क्षणी घडतो. अर्ध्या नाकावर धडक बसली की गाडी गर्रकन फिरते, चाक मागे सरकून दाराशी येते, रेडिएटर फुटून पाणी गळते आणि थोड्या वेळाने इंजिन तापून बंद पडते. घरच्या संगणकावर एवढे व्हावे ही मोठी कमाई आहे आणि तिचे मनापासून कौतुक व्हायला हवे. यातल्या गाड्यांच्या कंपन्या काल्पनिक आहेत, त्यामुळे कोणाच्या परवानगीचाही प्रश्न येत नाही.

तरीही सेकंदाला २००० पायऱ्या म्हणजे काय, हे पाहायला हवे. ताशी ६४ किलोमीटर वेगाची गाडी अर्ध्या मिलिसेकंदात सुमारे ९ मिलिमीटर पुढे जाते. कारखान्याच्या गणितात एका पायरीत ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकीही सरकत नाही. चेसिसच्या दांड्याला सुरकुत्या पडून त्याची घडीवर घडी बसणे आणि स्पॉट वेल्डिंगचे टाके एकामागून एक उसवणे या गोष्टी त्या ९ मिलिमीटरच्या फटीतून निसटतात. काचेचेही तसेच. खऱ्या गाडीची पुढची काच दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा घालून केलेली असते; तिला जाळीसारखे तडे जातात, पण ती जागेवर राहते. दाराची काच मात्र बारीक खड्यांचा ढीग होऊन खाली येते. बऱ्याच खेळांत दोन्ही सारख्याच फुटतात. आगीचा भडका खेळात हमखास उडतो, रस्त्यावरच्या टकरीत तो क्वचित दिसतो. सर्वांत मोठी उणीव मात्र पत्र्याची नाही. खेळातल्या गाडीत बहुधा कोणी बसलेलेच नसते. ज्याच्यासाठी गाडी मोडायची, तोच हिशेबातून गळलेला असतो.

भारतातले रस्ते या उणिवेत भर घालतात. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात आणि १,६८,४९१ मृत्यू नोंदले गेले. अपघातांच्या संख्येत मध्य प्रदेश तमिळनाडूखालोखाल दुसरा होता. राज्यातला आकडा ५४ हजारांच्या वर होता. देशभरच्या मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. त्यांच्याभोवती चेपण्यासाठी पत्राच नसतो. रात्री भोपाळ-इंदूर रस्त्यावर सोयाबीन भरलेली, मागे दिवा किंवा परावर्तक पट्टी नसलेली ट्रॉली पुढे आली तर काय होते, हे भिंतीवरच्या चाचणीतून कळत नाही. मोटारीचे बोनेट ट्रॉलीच्या किंवा ट्रकच्या हौद्याखाली घुसते. नाकातले मजबूत दांडे कशावरच आदळत नाहीत, एअरबॅगच्या संवेदकाला धक्का उशिरा कळतो आणि हौद्याची कड थेट काचेला भिडते. ६० सेंटिमीटरचा तो जीव वाचवणारा प्रवास इथे घडतच नाही. ट्रकच्या मागे खाली लावलेली आडवी पट्टी पुरेशी मजबूत का हवी, याचे उत्तर या एका प्रकारात आहे.

खरी मोडतोड आणखी एका अर्थाने वेगळी आहे: ती पुरावा असते. रस्त्यावर पोलीस पंचनामा करतात, परिवहन खात्याचा निरीक्षक गाडी तपासतो, विमा कंपनीचा सर्व्हेअर भागांची यादी करतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. यात कौशल्याच्या जागा बऱ्याच आहेत. धडकेच्या वेळी हेडलाइट चालू होता की बंद, हे जुन्या प्रकारच्या बल्बमधली टंगस्टनची तार सांगते. दिवा चालू असेल तर तापून मऊ झालेली तार धक्क्याने ताणली जाऊन वेडीवाकडी होते. बंद असेल तर थंड तार तशीच राहते किंवा कडकन तुटते. चालू दिव्याची काच फुटली तर तारेवर भुकटीसारखा थर चढतो. एलईडी दिव्यांनी हा साक्षीदार हिरावला. त्याची जागा आता अनेक गाड्यांत एअरबॅगच्या नियंत्रक पेटीतली नोंद घेते. शेवटच्या काही सेकंदांतला वेग, ब्रेक दाबला होता की नाही आणि बेल्ट लावला होता की नाही, हे त्या पेटीतून वाचता येते. 

पुरावा वाचण्याच्या या कामात खरी टक्कर आणि खेळ ही दोन्ही जगे एकमेकांच्या उपयोगी पडू शकतात. चेपलेल्या नाकाच्या रुंदीवर समान अंतरावर सहा ठिकाणी खोली मोजायची आणि तिच्यावरून धडकेचा वेग काढायचा, ही अपघात-विश्लेषणातली रुळलेली पद्धत आहे. गाठी-दांड्यांच्या प्रतिरूपावर तीच धडक पुन्हा घडवली तर सहा मापे जुळतात की नाही, हे तपासता येते. न जुळल्यास कोणत्या दांड्याचा ताठरपणा चुकला हेही शोधता येते. अपघाताची माहिती आणि छायाचित्रे जागेवरूनच भरण्याची ‘आयरॅड’ ही राष्ट्रीय प्रणाली ज्या राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही होते. त्या नोंदींत खोलीची सहा मापे आली, तर ऑटोरिक्षा, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि तिघे बसलेली मोटारसायकल यांच्या टकरींची प्रतिरूपे खऱ्या आकड्यांवर उभी करता येतील. सुरुवातीला मोजपट्टी, सहा जागा कशा नेमायच्या याचे एका दिवसाचे प्रशिक्षण आणि पंचनाम्यात एक वाढीव रकाना एवढेच लागेल. एका जिल्ह्यापुरते ते, केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळा असलेल्या भोपाळमध्येच करून पाहता येईल.